राखेनं घासलेला पेला

पातूर, मंगळवार, ९ डिसेंबर १९५८

सकाळपासून तो पेला डोळ्यांसमोरून हलत नाही.

पाचवीला हवेच्या दाबाचा धडा होता. पुस्तकात चित्र आहे: भरलेल्या पेल्यावर पुठ्ठा, उलटा केला तरी पाणी सांडत नाही. नुसत्या चित्रावर पोरं कशी विश्वास ठेवणार? म्हणून शाळेच्या माठावरचा पितळी पेला वर्गात नेला. तिथंच चुकले.

“कोण करून बघणार?” म्हटलं, तर सुमन सगळ्यांच्या आधी उठली. तिच्या घरचे दोन वर्षांपूर्वी बौद्ध झाले. भरल्या पेल्यावर पुठ्ठा दाबून तिनं तो उलटा केला. थेंबही पडला नाही. वर्ग आनंदानं ओरडला. पण पुढचा मुलगा पेल्याला हात लावेना.

मधल्या सुट्टीत हेडमास्तर म्हणाले, “बाई, भानगडी कशाला? चित्र दाखवायचं. आता पेला राखेनं घासून ठेवा.”

आणि मी घासला. चकचकीत पेला, दोनदा घासला. नोकरीसाठी? का माझ्याही मनात...

सुमन मागे येऊन उभी होती. “बाई, पाणी तं सांडलंच नाही. मंग पेला काहून घासून राहिल्या?”

मी म्हटलं, घंटा झाली, वर्गात जा.

घंटा झाली नव्हती.