टोपाला तेल चालत नाही

शुक्रवार, संध्याकाळ

केसांचा टोप घेतला एकदाचा. दुकानातल्या बाईंनी आधी काळाभोर, चमकणारा चढवला. आरशात मी लग्नातली करवलीच. मग त्यांनीच चार पांढरे केस असलेला, कपाळावर जरा विस्कटलेला काढला. म्हणाल्या, "हा खरा वाटतो. फक्त तेल लावू नका." आता तेल कशाला लावीन मी?

केमो सुरू झाल्यापासून घरातसुद्धा डोक्याचा स्कार्फ काढलेला नाही. सासूबाईंसमोर तर नाहीच. आज टोप घालूनच घरी आले. कुणी काही म्हणावं असं वाटत होतं का? माहीत नाही.

सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. "लई कोरडं दिसतंय की. बस हितं, तेल लावते." लग्नापासून दर शुक्रवारी त्याच लावायच्या. सगळं ठाऊक असून सवयीनं बोलून गेल्या. वाटीत तेल ओतूनही झालं.

"आई, ह्याला तेल चालत नाही."

त्या वाटी धरून तशाच उभ्या राहिल्या. मला ते बघवेना. टोप काढून टेबलावर ठेवला आणि त्यांच्यापुढे खाली बसले.

तेल त्यांनी नेहमीइतकंच घेतलं. सगळं मानेवरून ओघळलं.