मोदकपात्रातला केक

चामटोली,
गणपती पोचवून आल्यावरचा सोमवार

धाकट्या वेणूस थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. थोरली बहीण म्हणजे मी, अंजनी, चामटोलीला दिलेली, तुझ्याच आईची. एवढं फोडून सांगते याचा राग मानू नकोस. श्रावणात तू माझ्या संतोषच्या हाती डबा पाठवलास (संतोष म्हणजे माझा मुलगा, अंबरनाथला एमआयडीसीत कामाला आहे, पाळी सुटली की तुझ्याकडे चहाला येतो तोच), फडक्यात बांधून, वर दोन गाठी मारून, सांभाळून ने रे बाबा म्हणून बजावून. त्याने बिचाऱ्याने रिक्षात तो मांडीवर धरून आणला. मी उघडला तर आत काहीच नाही. घासून पुसून लख्ख केलेला रिकामा डबा. तेव्हा म्हटलं, जिला डब्यात काही घालायचं असतं ते आठवत नाही, तिला बहीण कशी आठवेल?

तुझा गुडघा कसा आहे? डावा की उजवा ते मला विचारू नकोस, दुखतो तो. रक्तदाबाची गोळी घेतेस का, आणि घेतल्यावर पुन्हा घेतेस का? माझी तब्येत ठणठणीत आहे. फोन न करता पत्र का, असं म्हणशील. फोनवर तू सगळ्याला हो हो म्हणतेस आणि ठेवता ठेवता सुनेला विचारतेस, कोण बोलत होतं गं? ते मला इकडे ऐकू येतं. कागद बरा. विसरलीस की पुन्हा वाच. मी सांगते आहे आणि नात तेजस्वी लिहिते आहे. ती उल्हासनगरला कॉलेजात जाते, अक्षर सुंदर आहे असं तिचं स्वतःचं म्हणणं आहे. मला काय, सांडलेल्या मोहरीसारखं दिसतं सगळं. (हेही लिही गं. गाळू नकोस.)

तर वेणू, आमच्याकडे केक झाला! बाजारचा नव्हे, घरचा, ओव्हनशिवाय, आणि तो गणपतीपुढे बसला. थांब, मी फारच पुढे गेले. आधीपासून सांगते.

माझे दात गेले हे तुला ठाऊक आहे. कवळी केली होती, पण तिचं आणि माझ्या तोंडाचं जमलं नाही, ती वाटीत बसून माझ्याकडे बघून हसते. दात गेल्यापासून चकली, करंजी, शंकरपाळे यांना मी लांबून नमस्कार करते. मऊ म्हणून शिरा, मऊ म्हणून खीर, मऊ म्हणून वरणभात. शिऱ्याचं ताट दिसलं की मला पळून जावंसं वाटायला लागलं होतं. अशात चैत्रात तेजस्वीने मोबाइलवर बघून रव्याचा केक करायचं काढलं. सामान आणायला मीही तिच्याबरोबर उल्हासनगरच्या बाजारात गेले. तिथला सिंधी दुकानदार मोठा गोडबोल्या. अम्मा, ओव्हन नहीं है तो क्या हुआ, गहरा बर्तन लो, नीचे नमक बिछाओ, ऊपर से ढक्कन मारो, बन जाएगा, म्हणाला. आणि बोलता बोलता त्याने छोट्या केकसाठी म्हणून कागदी वाट्यांची एवढी मोठी थप्पी आमच्या पिशवीत घातली की आता संतोष त्यात मिरचीची रोपं करतो.

खोल, झाकणाचं आणि आत चाळणी असलेलं आमच्या घरात एकच भांडं. मोदकपात्र. तळाला मीठ पसरलं, वर चाळणी, चाळणीवर केकचा डबा, झाकण घट्ट, गॅस बारीक. थोड्या वेळाने असा वास सुटला की शेजारची मालिनी (तीच गं, वास आला की साखर मागायला येते ती) वाटी न घेताच आली. आणि तो केक! बाहेरून तांबूस, आतून जाळीदार, जिभेवर ठेवला की आपणहून खाली जातो. चावायचं काही कामच नाही! मी एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा पदराआड खाल्ला. (तेजस्वी हसते आहे. तिला वाटलं होतं, मांजराने नेला.) वेणू, गोड खाताना मला कितीतरी दिवसांनी कुणाची कीव दिसली नाही. मग आम्हाला दोघींना वारंच भरलं. एक दिवस केळ्याचा केक, एक दिवस नाचणीची बिस्किटं, एक दिवस नानकटाई, तीही अशी खुसखुशीत की दुधात बुडवायच्या आतच फुटायची. संतोष डब्यात न्यायचा, कारखान्यातले लोक वाट बघत बसायचे. खूश होऊन तो म्हणाला, दिवाळीला ओव्हन घेऊ. मी लगेच फडताळावरची जागा पुसून घेतली. चैत्रातच.

इथे आमचे भावजी आले. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर बुधाजी, पलीकडच्या खोलीत राहतात. घरचा गणपती त्यांच्या हातून पुजला जातो, आणि देवाच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा. (बाकीच्या बाबतीत पहिला. शेवटचा माझा.) ते चहाला म्हणून आले आणि त्यांची नजर मोदकपात्राच्या काळ्या बुडावर गेली. केकात अंडं असतं हे त्यांचं ठाम मत. नाही घातलं म्हणून सांगितलं तर म्हणाले, वैनी, ज्या भांड्यात देवाचे मोदक होतात त्यात देवापुढे न येणारा पदार्थ शिजायचा नाही. आणि ओव्हनबिव्हन या घरात नको. संतोषला काकांच्या पुढे बोलायची सवय नाही. तो मला हळूच म्हणाला, काका हो म्हणाले तरच आणतो. झालं. केक बंद, नानकटाई बंद, पुन्हा शिरा. ओव्हन तेजस्वीला हवा आहे अशी सगळ्यांची समजूत आहे. तुला म्हणून खरं सांगते, मला हवा आहे. ती उद्या लग्न होऊन जाईल, तिला पुढे खूप ओव्हन मिळतील. मला एवढाच.

पुढे श्रावणात एक दिवस मी तांदूळ निवडत बसले होते आणि खड्याबरोबर भावजींचं वाक्य हाताला लागलं. देवापुढे न येणारा पदार्थ. अरेच्चा, मग देवापुढे आणला तर? उठले आणि भावजींना साळसूदपणे विचारलं, यंदा मोदकांच्या जोडीला रव्याचं एक पक्वान्न करू का नैवेद्याला? दूध, दही, तूप, साखर, रवा, वेलची, दुसरं काही नाही. ते म्हणाले, करा की, यात विचारायचं काय? मी नाव सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. यात खोटं काही आहे का सांग.

चतुर्थीला पहाटे न्हाऊन सोवळ्याने स्वयंपाकाला लागले. सून मोदकाच्या पाकळ्या काढत होती, तेजस्वी दारात रांगोळीला बसली होती. म्हटलं, हा केक मी एकटी करणार. दह्यात रवा भिजवला, फुगू दिला, तूप साखर फेसली, शेवटी केक फुगवायची बेकिंग पावडर. आता आमच्या फळीवरच्या बाटल्या सगळ्या सारख्या, संतोष कॅन्टीनमधल्या कॉफीच्या रिकाम्या बाटल्या आणतो त्या. तुलाही दिल्यात, साऱ्या भावकीला दिल्यात. बाटली आम्ही तिच्या जागेवरून ओळखतो. खिडकीशेजारची पावडरची. घातली दोन चमचे आणि मोदकांच्या आधी मोदकपात्रात चढवला. आणि वेणू, असा फुगला, असा फुगला! झाकण उचलायला निघाला. रंग तर जुन्या सागवानासारखा. एरवी मी बोट चाटून बघितल्याशिवाय राहते का? पण नैवेद्य. देवाच्या आधी जीभ लावायची नाही. वास बरा होता, थोडा ओळखीचा वाटला, एवढंच. वर मधोमध एक लाल जास्वंद ठेवलं, कडेने दूर्वा, आणि पाटावर नेऊन ठेवला. भावजींनी बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा केककडे बघितलं. पण हातात पळी, तोंडात मंत्र, मधे थांबता येईना. नैवेद्य दाखवला गेला!

आरती झाली. अर्धी आळी जमली होती. मी माझ्या हाताने प्रत्येकाच्या तळहातावर एकेक तुकडा ठेवला आणि सगळ्यांनी एकदमच तोंडात टाकला.

वेणू, मग बघायचं होतंस तू! मालिनीचे डोळे मोठे झाले आणि मोठेच राहिले. संतोष फुलपात्रातलं तीर्थ प्यायला, सगळं. माझी सून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. प्रसाद आहे, थुंकता येईना, टाकता येईना, गिळवेना. काकू, वेगळीच चव आहे हो, असं मालिनी कशीबशी म्हणाली. (दुसऱ्या दिवशी तिचा तुकडा निर्माल्यात सापडला. मुंगीसुद्धा फिरकली नव्हती.) मी घाईने माझा तुकडा तोंडात घातला. कच्च्या पापडाच्या लाटीला साखर लावून, वर जरा साबण चोळला तर कसं लागेल, तसं. आणि भावजींनी अजून खाल्लेला नव्हता. ते नेहमी शेवटी घेतात. माझा ओव्हन, माझी नानकटाई, सगळं त्यांच्या तळहातावर बसलं होतं. द्या इकडे, म्हणून मी हात पुढे केला, तोवर त्यांनी घातला तोंडात. डोळे मिटले. चघळलं. पुन्हा चघळलं. तेजस्वीने माझा दंड असा धरला की अजून वळ आहे.

मग डोळे उघडून म्हणाले, वैनी, आणखी एक द्या.

अगं, खरंच! भावजींना साखरेचा आजार. घरात काही गोड झालं की त्यांच्या हातावर चिमूटभर पडतं, तेही सगळे त्यांच्या हाताकडे बघत असतात. त्यात तंबाखूने भाजलेली जीभ, तिला साधीसुधी चव पोचतच नाही. मला म्हणाले, माझी आठवण ठेवून खारा केलात ना? एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांबरोबर सगळ्यांएवढा प्रसाद खाल्ला. (साखर त्यात होती गं, खाराखाली दबली होती. दुसरा तुकडा मी नखाएवढा दिला आणि उरलेला केक गाईला म्हणून आत नेला. गाईनेही मान फिरवली.) मी म्हटलं, तुमच्यासाठीच हो भावजी. गणपतीसमोर म्हटलं, पण गणपती आपलाच आहे. जाताना ते संतोषला म्हणाले, आणा तो ओव्हन, आणि माझं मोदकपात्र घासून जागेवर ठेवा!

आता मुद्द्याचं. आत जाऊन मी ती बाटली उघडून चाटली. पापडखार! आमच्या घरी पापडखार कुठून आला? वैशाखात तू पापड लाटायला आली होतीस, आपला खार बाटलीत घालून. जाताना आमची पावडर घेऊन गेलीस आणि खार इथे ठेवून गेलीस. वेणू, तुझ्या विसराळूपणाने गणपतीच्या दिवशी अर्ध्या आळीची जीभ पोळली. याचं काय करायचं ते तूच ठरव. मोठी बहीण म्हणून मी माफ करते आहे, पण विसरणार नाही. आपल्या दोघींत एकीने तरी लक्षात ठेवायला हवं.

तुझी,
अंजनी

ता. क. वेणूआजी, मी तेजस्वी. आजी दुधावरची साय बघायला आत गेली आहे म्हणून पटकन लिहिते. तू निघालीस तेव्हा बाटली तू घेतलीच नव्हतीस. आजीनेच फळीवरून काढून तुझ्या पिशवीत कोंबली, तू नको नको म्हणत होतीस तरी, आणि तुझी बाटली खिडकीशेजारी नेऊन ठेवली. मी बघितलं होतं. सांगू नकोस.

दुसरा ता. क. मला वाचता येत नाही, पण पेन किती वेळ चाललं ते ऐकू येतं. सगळं वाचून घेतलं तिच्याकडून. असेल, मी कोंबली असेल. पण घरी गेल्यावर बाटली उघडून बघायचं काम पाहुणीचं. आणि बघितली नाहीस ते बरंच केलंस, कारण आता मला उलगडा झाला. आषाढात तू संतोषबरोबर जे पापड पाठवलेस (हो, त्या वेळी डब्यात होते) ते आमची पावडर घालून केलेले! तरीच निखाऱ्यावर धरले की पुरीसारखे फुगायचे आणि तोंडात घातले की विरघळायचे. दात गेल्यापासून मी पापड खाल्ला तो तेवढाच, आणि कुणाला बोलले नाही, कारण सगळे मागायला लागले असते. तेव्हा बाटली परत पाठवू नकोस. तुझा खार मी ठेवून घेते, भावजींना दर चतुर्थीला तसाच केक हवा आहे, साखर अजिबात न घालता. तू ऑक्टोबरचं ऊन पडलं की आमच्या पावडरचे पापड लाट, उडदाचे, मिरी जरा कमी, आणि संतोषबरोबर कच्चेच पाठव, इथे मी भाजते. आणि फडक्याची गाठ मारायच्या आधी, वेणू, एकदा झाकण उघडून डब्यात पापड आहेत ना ते बघ.