वरच्या मजल्याचे पडदे

प्रिय ताई,

हे पाकीट आणि सोबतची पिशवी फक्त तुझ्या हातात द्यायची, सासूबाईंच्या नाही, असं मी पलीकडच्या बाईला इतक्यांदा बजावलंय की शेवटी ती म्हणाली, अगं, मी काय पोस्टमन आहे की पोलीस. पलीकडची म्हणजे आमच्या खोलीतल्या लाकडी फळीच्या पलीकडे राहणारी. भावाच्या लग्नाला सुट्टीवर निघालीय आणि तिचं माहेर तुमच्यापासून फार लांब नाही, म्हणून शनिवारपर्यंत तुझ्याकडे पोचते म्हणालीय. पिशवी आत्ता उघडू नकोस, आधी पत्र वाच. तुला दम निघणार नाही हे मला माहीत आहे. हवं तर पिशवीवर बसून वाच.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर तू म्हणशील धाकटीची प्रस्तावनाच संपत नाही. ताई, मी परत यायचं ठरवलंय. सुट्टीला नाही, कायमचं. लिहिलं बाई एकदाचं. सकाळपासून हे वाक्य पोटात घेऊन फिरतेय. हॉटेलात आज पलंग आवरताना मी एका उशीला दोन अभ्रे चढवले आणि मुकादमीण बाई माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं मला ताप आहे. मला ताप नाही, मला घाई झालीय. पण मी ठरवून अर्धंच काम झालंय, कारण तुझा दीर अजून उंबऱ्यात उभा आहे, ना आत ना बाहेर. त्यांच्या कंपनीनं आणखी दोन वर्षांचा करार पुढे केलाय आणि सोमवारी सही करायची आहे. सही झाली की दोन वर्षं हलता येणार नाही. म्हणजे आमच्या हातात फक्त रविवार आहे.

तुला आमचं इथलं खरं कधी नीट सांगितलं नाही. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी बोलले नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून दोघी गप्प बसलो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं आहे सगळं. आम्ही राहतो ती एक लांबट खोली आहे. तिच्या मधोमध फळी आहे, इकडे आम्ही दोघं, तिकडे पलीकडची आणि तिचा नवरा. तिकडे कोणी शिंकलं की इकडे आम्ही वाफारा घेतो. स्वयंपाकघर एकच आणि ते चार बिऱ्हाडांत. आपली पाळी येईपर्यंत पातेलं मांडीवर घेऊन बसायचं. घरमालकानं भाडं वाढवलं त्याच महिन्यात ह्यांचा ओव्हरटाइम बंद झाला, आणि इथे राहायच्या परवान्याचे पैसेही पगारातून कापायला लागले. पगार येतो तो पाहुण्यासारखा, चहा प्यायलाही थांबत नाही. तरी तुमच्याकडे पाठवायचे ते आधी बाजूला काढायचे हा ह्यांचा नियम. त्याच्यापुढे माझं काही चालत नाही आणि चालावं असं मलाही वाटलं नाही.

बरं, ती फळी कोणी लावली माहितीये? तुझ्या दिरानं. मोडीत निघालेली दोन दारं कुठूनतरी उचलून आणली, तासली, सांधे असे बसवले की मधून कागद जाणार नाही. एवढ्या वर्षांत इथे त्यांच्या हातून झालेलं सुतारकाम ते एवढंच. बाकी दिवसभर गोदामात खोकी उचलतात, तयार कपाटांची. आठवतं ना, हीच तयार कपाटं बाजारात आली आणि भाऊजींच्या सुतारकामाच्या कारखान्यातलं काम आटलं. दोघा भावांचं पोट एका कारखान्यावर भरेना म्हणून धाकट्यानं बाहेर पडायचं ठरलं. म्हणजे ज्यांनी पोटावर पाय दिला त्यांचीच ओझी वाहायला हे इतक्या लांब आले. हे मी त्यांना एकदा हसत हसत म्हटलं तर ते हसले नाहीत. मग मीही पुन्हा म्हटलं नाही.

निघताना तू मला डब्यात काय काय भरून दिलं होतंस, ते विमानतळावर अर्धं काढून घेतलं, हे तुला आज सांगते. रडले नव्हते मी, तेव्हा मात्र रडले. लग्न होऊन आले त्या पहिल्याच दिवशी तू म्हणाली होतीस की मला अहोजाहो करू नकोस, मी काही तुझी सासू नाही, आणि जाऊबाईही म्हणू नकोस, ऐकूनच भांडावंसं वाटतं. तेव्हापासून तू ताई. सासूबाई मात्र तेव्हाच म्हणाल्या होत्या की गोडी आहे तोवर ठीक, पण दोन जावांच्या दोन चुली असलेल्या बऱ्या. त्यांनी त्यांच्या जावांबरोबर काय काय सोसलंय ते आपल्याला पाठ आहे. म्हणूनच पैसे पाठवायला लागल्यावर त्यांनी घरावर मजला चढवायचा हट्ट धरला. खाली थोरल्याचं, वर धाकट्याचं. ज्याचं त्याला.

ताई, त्या मजल्यानं मला इथे काय सुख दिलंय ते मी शब्दांत सांगू शकत नाही. स्लॅब पडला त्या दिवशी भाऊजींनी फोटो पाठवला, तो मी हॉटेलातल्या प्रत्येक बाईला दाखवला. त्यांना दिसत होत्या फक्त सळया आणि चिखल, मला मात्र खिडकीतला वारा लागत होता. खिडक्या बसल्या तेव्हा मी भाऊजींकडून त्यांची मापं मागवली, आठवतं? ते म्हणाले होते, वहिनी, तुम्ही काय खिडक्या नेणार आहात का. आणि मी इथल्या सेलमधून पडद्यांचं कापड आणलं, पिवळं, बारीक हिरव्या पानांचं. हॉटेलात शिवणकाम करणारी एक म्हातारी होती, तिच्या मशीनवर जेवणाच्या सुट्टीत बसून शिवले. मग घडी घालून पलंगाखाली ठेवले, घरी गेल्यावर लावायचे म्हणून. आमच्या इथल्या खिडकीला काय आहे विचार. वर्तमानपत्र. पिवळं पडलं की बदलायचं. पलंगाखाली पडदे आणि खिडकीला वर्तमानपत्र, असा आमचा संसार. मला त्यात कधी काही चुकीचं वाटलंच नाही, कारण इथे राहायचंच नव्हतं ना कधी.

आणि मग गेल्या रविवारचा फोन. तुम्ही नेहमीसारखा तो साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता, सासूबाई नेहमीसारख्या फक्त कपाळच दाखवत होत्या. मी विचारलं, आमची चिमणी कुठेय, दहावीचं वर्ष, अभ्यास करते की नाही. तर भाऊजी फोन घेऊन जिन्याकडे गेले. चिमणी वरच्या पायरीवर बसली होती, मांडीवर पुस्तक, अंगाला शाल, आणि मागे कुलूप. आमच्या दाराचं कुलूप. दारावर अजून दुकानातलं प्लास्टिक. मी म्हटलं, अगं, इथे जिन्यात कशाला बसलीस. तर ती अगदी सहज म्हणाली, काकू, खाली आजी टीव्ही लावते, आणि वर तुझं घर आहे ना, ते तू आल्यावर उघडायचं. मग हसत म्हणाली की आई दर आठवड्याला झाडून घेते, पण चपला बाहेर काढून जाते आणि लगेच कुलूप लावते.

मी पुढचं काही ऐकलंच नाही. तुम्ही खाली दोन खोल्यांत पाच जण, सासरेबुवांचा पलंग जिन्याखाली, पोर पायरीवर, आणि डोक्यावर अख्खा मजला रिकामा. बटणांवर प्लास्टिक, नवी गादी खोळीत. आणि इकडे आम्ही फळीला पाठ लावून त्या मजल्याचं कर्ज फेडतोय. तुम्ही आमच्यासाठी राखून ठेवला, आम्ही तुमच्या भरवशावर बांधला, आणि राहतंय कोण, तर पाली. मला हसू यायला लागलं, आणि मग तुझ्या चपला आठवल्या, दाराबाहेर काढून ठेवलेल्या. ताई, स्वतःच्या घरात कोणी असं जातं का? तुझा इतका राग आला आणि तुला इतकं जवळ घ्यावंसं वाटलं की मी फोनच बंद केला. तुला वाटलं असेल नेटवर्क गेलं.

तुझ्या दिरानंही ते पाहिलं. ते जेवले नाहीत. बराच वेळ फळीवरून बोट फिरवत बसले, आणि मग एकदम मला विचारायला लागले की दादा एकटाच आहे का कारखान्यात. त्याच फोनवर आधी भाऊजींनी बोलता बोलता सांगितलं होतं ना, शाळेच्या बाकांचं मोठं काम आलं होतं पण एकट्याच्यानं होणार नाही म्हणून नाही म्हटलं. मला वाटलं होतं ह्यांचं लक्ष नव्हतं. चांगलंच होतं. म्हणाले, बाकाची फळी तासताना दुसऱ्या टोकाला माणूस लागतोच. मग मी लोखंड तापलेलं बघून घाव घातला. म्हटलं, मग चला की. तिथे भाऊ दुसरं टोक धरायला माणूस शोधतोय आणि तुम्ही इथे खोकी धरताय.

तर म्हणतात, कोणत्या तोंडानं जाऊ. सगळ्यांना वाटतंय धाकटा पैसे छापतोय. हात हलवत गेलो तर वहिनी काय म्हणेल. दादाची नाही, सासूबाईंची नाही, गावाची तर नाहीच नाही, ह्यांना धास्ती कोणाची तर तुझी. एवढी वर्षं आईवडिलांचं सगळं वहिनीनं केलं आणि आता हा आयता येऊन वरचा मजला बळकावणार, असं तिला वाटेल, म्हणतात. मी म्हटलं, विचारा तिला. तर म्हणतात, विचारल्यावर कोण नको म्हणतं? ती आपणहून म्हणाली असती तर गोष्ट वेगळी. ऐक आता. उंट बरा, निदान एका बाजूवर तरी बसतो.

आणि माझं सांगू? मला लाज वाटत नाहीये, हेच मला नवल वाटतंय. आमच्याकडे बरोबर न्यायला काही नाही, आणि मी रविवारपासून मनातल्या मनात सामान बांधतेय. मी मोठमोठ्या हॉटेलांचे पलंग आवरलेत, चादर अशी ताणते की त्यावर नाणं उडेल. आपल्याकडे लग्नाचे हॉल झालेत, दोन लॉज झालेत, त्यांच्या चादरी-अभ्रे धुऊन इस्त्री करायचं काम मी आणि तू मिळून का नाही घेऊ शकत? तू नको म्हणालीस तर मी तुला रोज विचारीन. कपडे वाळवायला गच्ची आपलीच आहे. सासूबाई म्हणतील, परदेशात जाऊन परटीण होऊन आली. म्हणू देत, त्यांच्या साड्या पहिल्या करून देईन. मला पाळीशिवाय चहा करायचाय, भांडं आपटायचंय, मोठ्यानं हसायचंय. इथे हसतानाही आम्ही फळीचा विचार करतो. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खरं, पण ताई, मला इथून आपलं घरही साजरंच दिसतं, आणि ते जवळून कसं आहे ते मला पक्कं माहीत आहे.

आता पिशवीवरून ऊठ आणि ती उघड. ते पडदे आहेत. मी ते पाठवलेत हे ह्यांना माहीत नाही. पलंगाखालच्या पिशवीत मी खिडकीची वर्तमानपत्रं आणि एक जुनी चादर कोंबून ठेवलीय, आणि खिडकी उघडी का, तर उजेड हवा म्हणून, असं सांगितलंय. तू एवढंच कर. कुलूप काढ. प्लास्टिक फाड, चिमणीला फाडू दे, तिला मजा येईल. चपला घालून आत जा. पुढची खोली तू आणि भाऊजी घ्या, रस्त्याकडची चिमणीला द्या, सासूबाई रागावल्या तर सांग, धाकटीनं सांगितलंय, बोलणी माझ्या वाटणीची ठेवा, आल्यावर खाईन. आम्हाला खालची मागची खोली पुरे, सासऱ्यांच्या पलंगाजवळची, ह्यांना कारखान्यातही तिथून लवकर जाता येईल. आम्ही येऊन उघडलं तर ते आमचं घर होईल आणि तू पुन्हा चपला बाहेर काढशील. तू उघडलंस तरच ते आपलं होईल आणि ह्यांना आत यायला जागा होईल. मी त्यांना काही सांगणार नाही, तूही फोनवर ये म्हणू नकोस, तसं म्हटलेलं ते सौजन्य समजतात. तुला नको वाटत असेल तर फोन नेहमीसारखा साखरेच्या डब्याला टेकव, मी समजेन, आणि तुझ्यावर कधी रुसणार नाही. पण ये म्हणायचं असेल, तर ह्या रविवारी फोन वरून कर. मागे पडदे दिसू देत. ते शिवताना हे रोज शेजारी बसून दोरा ओवून देत होते, लांबूनही ओळखतील.

तुझीच,
धाकटी