तेलाची टाकी काठोकाठ

४ मार्च
सासऱ्यांनी त्यांची चेन सॉ मला दिली. स्वतःच्या मुलाला नाही, मला! मेव्हण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मागच्या अंगणात आडवं पडलेलं झाड कापायचं आणि बार-चेनला, म्हणजे लांब पात्याला आणि त्याच्या कडेने फिरणाऱ्या चेनला, तेल कमी पडू द्यायचं नाही. रविवारी बघायला येणार. जमलं तर सॉ कायमची माझी. या घरात पहिल्यांदाच कुणीतरी मला कामाचा माणूस समजलं.
सॉला दोन टाक्या. एकीत पेट्रोल, दुसरीत चेनचं तेल. संकल्प: तेलाकडे जातीने लक्ष.

५ मार्च
तेल काठोकाठ भरलं. थोडं बुटांवर सांडलं. बूट मऊ झाले, फायदाच. दिवसभर फांद्या छाटल्या. संध्याकाळी पाहतो तर टाकी काठोकाठच! फोनवर मेव्हणा म्हणाला, पेट्रोल भराल तेव्हा दर वेळी तेलही भरावं लागतं, आणि आधी बार काढून तेलाचं भोक साफ करा. त्याला लागत असेल भरावं. मुळात उधळ्या. आणि चांगल्या चालत्या मशीनला कशाला उघडायचं?

६ मार्च
ही म्हणाली, बाबा सॉ चालू करून टोक पुठ्ठ्यासमोर धरून बघायचे. धरलं. पुठ्ठा कोरा करकरीत. कुठेही गळती नाही. तारीख घालून शेडमध्ये खिळ्याला टांगला. पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटायला हवी, असं काहीतरी ही सांगत होती. म्हणजे घाण झाला तर पास! वाद घातला नाही. घरात शांतता महत्त्वाची.

७ मार्च
थोडा धूर. लाकूड ओलं असणार. बारला निळसर झाक आली आहे. शोभून दिसते.

८ मार्च, दुपार
घात झाला. चेन बारमध्ये गच्च बसली, झाड अर्धंच. हात लावला तर चटका. सॉ माझ्याकडे येण्याआधी मेव्हण्यानेच काहीतरी करून ठेवलं असणार. हिला विश्वासात घेऊन सांगितलं, तर हिने थेट त्यालाच फोन लावला! माझ्यासमोर! मन पार विटलं. जेवलो नाही. नंतर थोडं जेवलो.

९ मार्च, रविवार
सासरे आले. सॉ राहिली बाजूला, आधी पुठ्ठाच बघत बसले. मग बार काढून भोक दाखवलं. भुशाने चोंदलेलं. चेनपर्यंत तेल पोचलंच नाही म्हणे. मी म्हणालो, टाकी एकदाही कमी होऊ दिली नाही. तेच तर, जावईबापू, असं म्हणाले. मेव्हणा हसला. तो नवा बार आणि नवी चेन घेऊनच आला होता, म्हणजे सगळं आधीच ठरलेलं.
सासऱ्यांनी सॉ दुरुस्त केली आणि हिच्या हातात दिली. ही घेणार नाही, निदान एकदा माझ्याकडे बघेल, असं वाटलं होतं. बघितलं नाही. फार लागलं.

१० मार्च
उरलेलं झाड हिने दुपारपर्यंत कापलं. मी ओंडके रचले. ही आंघोळीला गेल्यावर शेडमध्ये जाऊन गुपचूप टाकी उघडून पाहिली. तेल पार तळाला. माझ्याकडे होती तेव्हा थेंबभरसुद्धा कमी झालं नव्हतं.