लाल लोकर

हॅलेटची खाडी, न्यूफाउंडलंड
४ मे १९६६

चि. हेडलीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. बर्फ फुटला, पण बाबांचा हट्ट काही फुटत नाही. सगळ्या घरांनी सह्या केल्या तरच सरकार गाव पलीकडच्या किनाऱ्यावर हलवणार. सही अडलीय एकट्या आपल्या तीर्थरूपांची. शाळेला मास्तर मिळत नाही, नर्स पाण्यापलीकडे. मार्चमध्ये शेजारच्या मायराला बर्फावरून तिच्याकडे नेताना मूल वाटेतच गेलं रे. आणि मला आता पाचवा महिना आहे.

बाबांपुढे विषय काढला की ते चुलीमागच्या नकाशाकडे बोट दाखवतात. जगात आपल्या हॅलेट आडनावाचं गाव दिसलं की तिथं खिळा. आणि त्या गावात कुणी हॅलेट राहतो असं पत्राने कळलं, तरच खिळ्याला आईच्या स्वेटरची लाल लोकर. ऑस्ट्रेलियाचा खिळा उघडा, अमेरिकेतला उघडा, अंटार्क्टिकाच्या टोकावर तर नुसते पेंग्विन. लोकर आहे ती आपल्याच खाडीला. मी लग्न करून बर्टन झाले, तू टोरांटोला पळालास. म्हणून ते म्हणतात, नावाच्या गावात नावाचा एक तरी माणूस हवा. आता तूच लिही त्यांना. माझं ऐकतील तर शपथ!

थोरली असूनही धाक नसलेली तुझी,
ड्रुसी


टोरांटो
२१ मे १९६६

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून रात्रपाळीत हात चालेना. बाबांना सांग, नाव काय चाटायचंय? बाउंटी जहाजावरच्या त्या पोरसवदा हॅलेटची गोष्ट त्यांनी आपल्याला शंभरदा ऐकवली ना? बंडखोरांनी त्याला उघड्या होडीत लोटलं, तरी तो बुडाला नाही, किनाऱ्याला लागला. मग घर सोडायला हेच का घाबरतात? वेगळं पत्र त्यांनाही टाकलंय. त्यात जरा जास्तच बोललो बहुतेक.

घर पाण्यावरून पलीकडे ओढायची वेळ आली तर मी येतो. दोराला माझाही हात लागेल, वचन. तू जड उचलू नकोस.

तुझा आगाऊ भाऊ,
हेडली


२९ ऑगस्ट १९६६
(नव्या गावाहून, पत्ता अजून धड नाही)

चि. हेडलीस,
आशीर्वाद. तू आला नाहीस. कारखान्याने रजा दिली नाही हे कळलं, पण दोराला हात कमी पडला तेव्हा तुझी आठवण झाली, खोटं कशाला बोलू?

बाबांनी सही केली ती तुझ्या पत्राने नव्हे. मायरा स्वयंपाकघरात आली आणि त्यांना म्हणाली, की स्किपर, तुमच्या नावाचं गाव आहे, माझ्या लेकराला नावसुद्धा मिळालं नाही. बाबांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, टोपी घातली आणि जाऊन सही करून आले.

घराखाली पिंपं बांधली, भरतीला तरंगवलं, पुढे सगळ्यांच्या होड्या. चालत्या घराची चूल विझू द्यायची नाही, म्हणून बाबा आत चुलीपाशी बसून राहिले. वाटेत चहासुद्धा केला त्यांनी! एका लाटेने पाणी आत आलं, नकाशाचा तळ भिजला. बाबा म्हणाले, पेंग्विनांना पोहता येतं, काळजी नको. आम्ही हसलो. पण किनाऱ्याला लागल्यावर त्यांनी आपल्या खिळ्याची लोकर सोडली आणि जाकिटाच्या खिशात टाकली. तेव्हापासून ते दिवसभर दारात बसून पलीकडे बघतात. मला ते बघवत नाही.

नाताळला तरी ये. माया पातळ होऊ देऊ नकोस.

ड्रुसी


६ नोव्हेंबर १९६६

चि. हेडलीस,
तारेत सगळं मावलं नाही. आज दुःखाने लिहिते आहे.

आधी चांगलं सांगते. सप्टेंबरात मुलगी झाली. फार अडले होते. नर्स दोन घरं सोडून होती, म्हणून आम्ही दोघी आहोत. जुन्या गावात असते तर नसते. बाबांनी तिला मांडीवर घेतलं आणि तिला सगळे हॅलेट सांगितले, बाउंटीवाल्यापासून. बर्टनांच्या पोरीला!

गेल्या मंगळवारी ते खुर्चीतून उठलेच नाहीत. जुन्या गावात आईशेजारी पुरायचं असं सांगून ठेवलं होतं त्यांनी. वादळामुळे तुझी बोट अडकली, आणि आम्हांलाही बर्फ धरायच्या आत जायला हवं होतं. ज्या होड्यांनी घर ओढलं, त्याच पुन्हा निघाल्या. मायरा सर्वांत पुढे होती. घरांच्या जागी नुसते खांब उभे होते रे. अंधारायच्या आत आम्ही परत फिरलो, आणि मी मागे वळून पाहिलं नाही, पाहवेना.

त्यांच्या जाकिटात ती लोकर सापडली. टाकवत नाही, ठेवून काय करू तेही कळत नाही. तूच सांग.

तुझी पोरकी ताई,
ड्रुसी


टोरांटो
१७ नोव्हेंबर १९६६

ती. ताईस,
सा. न. घर ओढायला नव्हतो, खांदा द्यायलाही नव्हतो. रडतो आहे, दुसरं काय करू?

लोकर टाकू नकोस. नकाशा वाळला असेल, तर आपल्या खाडीच्या खिळ्याला ती पुन्हा बांध, गाठ घट्ट मार. तिथे आता एक हॅलेट राहतो, आणि त्याची सही कुणी मागायला येणार नाही.

भाचीला पापा. तुझी माया आता बाबांच्या वाटणीचीही मला लागेल.

तुझा,
हेडली