बातलारेंगची वाळलेली पाठ

म्मादिनारे,
६ फेब्रुवारी १९९४

चि. गाओनेस,
अ. उ. आ.

तुझ्या फ्रान्सिसटाऊनच्या दुकानात जनावरांची औषधं मिळतात असं मोठ्या तोऱ्यात सांगत होतीस ना, आता त्याचा उपयोग दाखव. आपल्या कुत्र्याच्या शेपटीच्या मुळाशी तळहाताएवढा लाल, ओला चट्टा उठलाय. पाऊस, उकाडा आणि गोचिड्या सगळं एकदमच आलं. दिवसभर तो तिथंच चाटतो, चावतो. केस गेले, वास सुटलाय.

माझा दीर ओलेबिले म्हणतो, हा रोग शेळ्यांना लागेल, महिनाअखेरीपर्यंत बरा झाला नाही तर बंदूक घेऊन येतो. आणि तो येतोच, तुला माहीत आहे. तुझे आतोबा गेल्यापासून रात्री कोल्हे कुंपणाशी आले की भुंकणारं घरात हे एकच आहे. त्यांनीच त्याचं नाव बातलारेंग ठेवलं, म्हणजे ‘लोक काय म्हणतील’, नळावरच्या बायकांना ऐकू जावं म्हणून. मला ते भर रस्त्यात हाकारायची लाज वाटते. मी नुसतं ‘बाता’ म्हणते.

व्हॅसलीनचा मोठा डबाही पाठव. इथला संपत आलाय.

तुझी आत्या,
सेगामेत्सी

फ्रान्सिसटाऊन,
१० फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आमच्या दुकानात येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांना चट्टा कसा दिसतो ते सगळं सांगितलं. त्यांनी दिलेलं औषध बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलंय. आधी चट्ट्याभोवतीचे केस कात्रीनं बारीक काप. बाटलीतलं औषध पाण्यात मिसळून जखम पूस, फडक्यानं टिपून कोरडी कर आणि मग सोबतच्या डबीतला फवारा मार, सकाळी आणि संध्याकाळी. चाटू मात्र देऊ नकोस. जुनी बादली बुडाशी कापून गळ्यात घाल. मानी कुत्रा आहे, रुसेल, रुसू दे.

जखम कोरडी राहिली पाहिजे, एवढं विसरू नकोस. डबाही पाठवलाय. घरात तू एकटी, एवढं व्हॅसलीन खातेस की काय?

तुझी लाडकी आणि शहाणी,
गाओने

म्मादिनारे,
१९ फेब्रुवारी

चि. गाओनेस,
अ. उ. आ.

तुझं औषध बिनकामाचं आहे. केस कापले, पुसलं, टिपलं, फवारलं. बादली घातली तर दारात अडकून त्यानं माझं पिठाचं भांडं उलथवलं. आणि चट्टा? होता त्याहून मोठा झालाय! डॉक्टर खरंच शिकलेले आहेत ना?

हयगय केली म्हणशील, तर ऐक. फवारा मारला की कातडी वाळून पांढुरकी, भुरकट दिसते. असं कोरडं अंग घेऊन माझ्या घरचं कुणी कधी अंगणाबाहेर पडलेलं नाही. तुलाही शाळेत पाठवताना गुडघे चकचकीत करून पाठवलंय. शेजारची म्माकेनोसी कुंपणावरून टपून बघत असते. म्हणून प्रत्येक फवाऱ्यानंतर मी वरून छान व्हॅसलीन चोपडते. याहून जास्त काय करायचं माणसानं?

ओलेबिलेनं पुन्हा निरोप पाठवलाय. मला झोप नाही.

तुझी आत्या

फ्रान्सिसटाऊन,
२२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून काउंटरवरच कपाळ बडवून घेतलं. गिऱ्हाइकं बघत होती.

अगं, औषध जखम वाळवतंय आणि तू ती झाकून ओली ठेवतेयस! व्हॅसलीनखाली ओल कोंडते, चट्टा आत कुजतो. भुरकट दिसणं म्हणजेच बरं होणं. आजपासून एक बोटसुद्धा लावू नकोस. लोक काय म्हणतील या धास्तीपायी त्याला गोळी लागेल, आत्या, आणि तू कुंपणाशी एकटी उरशील.

जास्त बोलले असेन. पण कमी बोलून भागलं नाही.

तुझी गाओने

म्मादिनारे,
६ मार्च

चि. गाओनेस,
अ. उ. आ.

तुझ्यावर मी चांगलीच चिडले होते. आत्याला असं लिहितात? तरी व्हॅसलीनचा डबा ट्रंकेत घालून कुलूप लावलं. बाता भुरकट पाठ घेऊन अंगणभर हिंडायचा आणि म्माकेनोसी विचारायची, तुमच्याकडचं व्हॅसलीन संपलं का बाई. हात कितीदा किल्लीकडे गेला.

ओलेबिले सांगितल्याप्रमाणे आला, बंदूक खांद्याला. त्यानं चट्टा दाबून पाहिला, बोटाचा वास घेतला. ओल नाही, वास नाही, खपलीच्या कडेनं बारीक केस उगवलेले. मग म्हणाला, दिसतो मात्र अगदी बेवारशी, जरा व्हॅसलीन लाव की. मी म्हटलं, चहा पी आणि बंदूक घेऊन घरी जा.

संध्याकाळी नळावर सगळ्या बायका होत्या, म्माकेनोसीसुद्धा. बाता रस्त्यापलीकडे शेळ्यांमागे होता. मी बादली खाली ठेवली आणि तुझ्या आतोबांसारखी मोकळ्या गळ्यानं त्याला पूर्ण नावानं हाक मारली. आणि तो आला धावत, ती वाळकी, भुरकट पाठ सगळ्यांच्या देखत हलवत.

राग ओसरलाय. माया होती तेवढीच आहे, तूही तेवढीच ठेव.

तुझी आत्या,
सेगामेत्सी