सुखरामच्या नावाची शिष्यवृत्ती

साकोली
१२ जानेवारी २०२५

चि. भूपेंद्रभाऊजी,

आशीर्वाद. इकडे सर्व बरे. धान सरकारी खरेदी केंद्रावर विकले. तृप्तीची परीक्षा झाली. तिकडे पुण्यात थंडी आहे म्हणतात. धाकट्या जाऊबाई मोनाला जपायला सांगा.

काल तुमच्या कॉलेजचे शिपाई मारोतराव घरी आले. यांचा फोटो मागत होते. म्हणाले, "कॉलेजात असताना खिडकीतून पळे भूपेंद्र, अन् आता साहेब! भावाच्या नावानं शिष्यवृत्ती काढली. दरसाली एका पोरीले भेटन."

मी म्हटलं, चांगलं झालं. यांनीच फी भरून तुम्हाला तिथे शिकवलं. मग त्यांनी कार्यक्रमाची पत्रिका दिली. यांच्या नावाआधी 'कै.' छापलं होतं.

मी चहा ठेवायला आत गेले.

कामाला जातो म्हणून हे वरठी स्टेशनवर गाडीत बसले, त्याला सात वर्षं होत आली. प्रेत कोणी पाहिलेलं नाही. मी कुंकू लावते. तुम्ही पाहता.

निघताना मारोतराव हळूच म्हणाले, "सात वर्सं झाले का सातबाऱ्यावरून नाव निघते, वहिनी. साहेब हुशार आहे."

तलावाखालची धानाची बांधी तुम्हा दोघा भावांच्या नावावर आहे. मला मारोतरावांचं पटलं. पटल्यावर बरं वाटलं.

तृप्ती म्हणते, "काकाले फोन कर न, आई. पत्र कायले लिहून राहिली?"

फोनवर तुम्ही लगेच उत्तर द्याल.

दर दिवाळीला तुम्ही चपला काढता काढता विचारायचात, "दादाचा काही पत्ता, वहिनी?" या दिवाळीला विचारलं नाही. मोनाकडे पाहिलंत आणि जेवायला बसलात. मीही वाढत राहिले.

भाऊजी, जमिनीसाठी केलं असेल तर तसं लिहा. मी सही करते. चारचौघांत बोलणार नाही, मनातही ठेवणार नाही. जमिनीसाठी असलं, तर हे कुठेतरी असू शकतात.

दुसरं काही असेल, तर कार्यक्रमाआधी घरी या. एकटे या. स्टेजवरून मला कळू देऊ नका.

फोटो मी दिला नाही. तुमच्याकडचा लावाल. लावा, पण हार घालू नका. आपल्यात जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत.

तुम्ही येऊन सांगेपर्यंत,
तुमची वहिनी,
सौ. ललिता सुखराम लांजेवार